सतरा मण्यांची माळ

ला-पा-नी, ला-नी, पा. ला-पा-नी, पा, ला-नी. कुठलीही प्रार्थना पाठ होण्याआधी मला हे पाठ झालं होतं. ला म्हणजे लाल, पा म्हणजे पांढरा, नी म्हणजे निळा. वडवणीतल्या आमच्या दुकानामागच्या खोलीत महानंदाआत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, पोत्यावर पाय पसरून बसायची. समोर तीन पितळी ताटल्या, प्रत्येकीत एका रंगाचे काचमणी, मांडीवर मेण लावलेलं सूत. तोंडाने हे पुटपुटत ती बोटांनी मणी उचलायची, आणि प्रत्येक मण्यासरशी ताटली किण्ण वाजायची. सकाळी डोळे उघडण्याआधी मला तो आवाज ऐकू यायचा. मग फोडणीतल्या मोहरीचा, मग बाहेर अण्णांनी दुकानाचं शटर वर ढकलल्याचा. आमचं दुकान दोरांचं. कासरे, वेसणी, म्होरक्या, गोंडे, घुंगरं असं सगळं अण्णा बाहेरून आणायचे. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालायच्या माळा तेवढ्या घरात व्हायच्या, आणि त्या एकट्या आत्याच्या हातच्या.

त्या माळांना एक नियम होता. कुठलाही तुकडा लागोपाठ दोनदा यायचा नाही. लाल-लाल नाही, हे तर कोणालाही कळेल. पण लाल-पांढरा-लाल-पांढरा हेही नाही, आणि सहा मण्यांचा तुकडा लगेच पुन्हा आला तर तेही नाही. त्याला आत्या ‘जुळं’ म्हणायची. मध्ये दुसरं काही येऊन तोच तुकडा पुन्हा आला तर चालायचं, शेजारी-शेजारी नको. कारण विचारलं तर म्हणायची, “डोळ्याला फुडचं कळलं की तितंच दिष्ट बसती. डोळा फिरता राह्यला पायजे.” माझ्या शाळेत असल्या गोष्टींना अंधश्रद्धा म्हणत, आणि मला ते पटलेलंही होतं. तरी मी एकदा गुपचूप दोनच रंगांत अशी माळ करून पाहिली होती. लाल, पांढरा, लाल, आणि हात थांबला. लाल घातला तर लाल-लाल, पांढरा घातला तर लाल-पांढरा दोनदा. तीन मण्यांत जग संपलं. आत्याने ते पाहिलं, आणि निळ्या मण्यांची ताटली माझ्याकडे सरकवली.

तिसरा रंग आला की काय होतं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. रोजच्या माळांसाठी आत्याकडे युक्ती होती. तिला ती ‘घरं’ म्हणायची. लालच्या घरी तिघं: लाल, पांढरा, निळा. पांढऱ्याच्या घरी दोघं: लाल, निळा. निळ्याच्या घरी एकटा पांढरा. एका लाल मण्यापासून निघायचं आणि प्रत्येक मण्याच्या जागी त्याचं घर मांडायचं. एकाचे तीन होतात, तिनाचे सहा, सहाचे बारा, बाराचे चोवीस, आणि जुळं कुठेच येत नाही. चोवीसची माळ बैलाच्या गळ्यात नेमकी बसते, म्हणून ती तिथे थांबायची. मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं होतं, पुढे? “फुडं अठ्ठेचाळीस.” मग? “मग त्याच्या दुप्पट.” मग शेवटी? तिने माझ्याकडे पाहिलं, दाताने सूत तोडलं आणि म्हणाली, “माळ संपत न्हाई, शांभे. दोरा संपतो.” मला ते ऐकून थोडी भीती वाटली होती. त्या लहान खोलीच्या भिंतीतून बाहेर निघून, बाजारतळ ओलांडून, बीडच्या रस्त्याने कधीही न संपता आणि स्वतःला लागोपाठ एकदाही न म्हणता जाणारी माळ मला दिसली होती.

आज मी ज्या विषयात काम करते तिथे अशा रांगेला ‘शब्द’ म्हणतात. त्या शब्दाला अर्थ नसतो, उच्चार नसतो; नुसती अक्षरांची रांग, मोजकी किंवा अनंत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार सुटल्यासारखं वाटलं. बीडच्या इंग्रजी शाळेत माझ्या इंग्रजीला हसत आणि घरी आले की माझ्या मराठीला, त्यामुळे दोन्हीकडे मी गप्प असायचे. ज्यांना उच्चारच नाही अशा शब्दांत मला कोण हसणार होतं?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अकरावीतली माझी कावीळ. कॉलेजातून घरी आणून मला आत्याच्याच खोलीत टाकलं होतं. घरातले सगळे सकाळी कांदा-मिरची घातलेला चुरमुऱ्यांचा सुशीला खायचे, संध्याकाळी दही-धपाटे. मला मात्र बिनतेलाची मऊ खिचडी आणि उसाचा रस. खाण्यात मन नव्हतं म्हणून मी दिवसभर आत्याचे हात बघायचे. पोळ्याला तीन आठवडे होते. त्या आठवड्याच्या बाजाराला घाटनांदूरकडचे तुळशीरामतात्या आले. उंच, पांढरी मिशी, बोलणं तिखट. ते दरवर्षी यायचे, पण या वर्षी चोवीसच्या माळेसाठी नव्हते आले.

आमच्याकडे एक रीत होती. जो बैल पुढल्या वर्षी जुंपायचा नाही, त्याच्या शेवटच्या पोळ्याला वेगळी माळ. जितकी वर्षं त्याने औत ओढलं तितके मणी. हे आकडे कसेही येतात, तिथे घरांची युक्ती चालत नाही. हाताने शोधत जावं लागतं. आणि माळ गोल, म्हणून गाठ बांधल्यावर शेवटचे मणी पहिल्यांना भेटतात तिथेही जुळं नको. काही आकड्यांची माळ होतच नाही. आत्याला ती यादी तिच्या आईकडून आली होती, आईला तिच्या आईकडून: पाच, सात, नऊ, दहा, चौदा. या आकड्यांना गाठीपाशी एक पितळी मणी घालायची मुभा होती. पितळी मणी एकटाच असतो, त्याच्यासारखा दुसरा नसतो, त्यामुळे त्याला ओलांडून जुळं होऊच शकत नाही. पण मुभा यादीतल्या आकड्यांनाच. बाकीच्यांना पितळी मणी घालणं म्हणजे, आत्याच्या शब्दांत, बैलाला फसवणं.

“हरण्याची माळ पायजे, महानंदाबाई,” तात्या म्हणाले. “ट्रॅक्टर आलाय दारात. आता त्याला बसवून खाऊ घालायचं. पण सतरा वर्सं ओढलंय बरं का त्यानं.”

“सतरा?” आत्याने मान वर केली. “बैल पंधरा-सोळा वर्साच्या वर जात न्हाई तात्या.”

“आमचा गेला. मोजून घ्या, दात न्हाई राह्यला तोंडात.”

आत्या हसली. “करते की. चौदाच्या फुडं समद्या होतात.”

ती लगेच बसली. पहिल्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा मणी सुरेख जायचे, सोळावाही जायचा, आणि गाठीपाशी जुळं. ती उसवायची, ताटल्यांत मणी परत टाकायची, पुन्हा ला-पा-नी. सोळाची तिने पूर्वी केलेली होती, अठराचीही एकदा एका म्हाताऱ्या गाईसाठी, तिच्या वयाची म्हणून, केली होती. सतरा कोणी मागितलीच नव्हती, कारण तितकी वर्षं ओढणारा बैलच कोणी पाहिला नव्हता. आठवडा गेला. तिचं पुटपुटणं आधी मोठं झालं, मग बारीक, मग थांबलं. त्या खोलीत किण्ण आवाज नाही असा दिवस मी पहिल्यांदाच ऐकला.

अण्णा जेवताना म्हणाले, “अक्का, घाल की पितळी मणी. कोण मोजतंय?”

“सतरा यादीत न्हाई.”

“यादी काय सरकारी हाय का?”

“आईची हाय.” आत्याने ताट बाजूला सारलं. “यादीत न्हाई म्हंजे ती होती. होती अन् मला होईना, म्हंजे माझं डोकं गेलं. डोळे गेले असते तर चष्मा लावला असता. तात्यांची माळ न झाली तर ह्या पोळ्यापासून मी मणी ओवायची न्हाई. तू तुझ्या त्या पिलास्टिकच्या माळा आण.” दुपारी आत्याने तिन्ही ताटल्या धुतल्या, पुसल्या आणि माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिल्या. मी त्या माळ्यावर ठेवल्या नाहीत. माझ्या पलंगाखाली सरकवल्या.

खरं सांगायचं तर मी सुरुवात केली ती तिच्यासाठी नाही. माझ्या मनात होतं की मी इंग्रजी शाळेतली, गणितात पहिली, मला जमेल. भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लाल, पांढरा, निळा लिहीत सुटले, आणि तिसऱ्या दिवशी सतराची एक रांग सापडली. मी पलंगावरून उठून, गरगरत, स्वयंपाकघरात गेले. आत्या येसराची आमटी ढवळत होती. तिने पान हातात घेतलं, दोन श्वास पाहिलं, आणि पळी न सोडता म्हणाली, “गाठीवर बघ.” गाठीच्या अलीकडे निळा-लाल-पांढरा, पलीकडे निळा-लाल-पांढरा. मी जे तीन दिवसांत पाहिलं नव्हतं ते तिने दोन श्वासांत पाहिलं होतं. मी परत येऊन पलंगावर पडले. आणि मग हळूहळू एक विचार आला: हिचं डोकं जर असं चालतंय, तर गेलंय कुठे? गेलेलं नसेल, तर माळच नसेल.

पण नसलेली गोष्ट दाखवायची कशी? सापडलेली माळ हातात देता येते. न सापडलेली? यावर मी एक पूर्ण सकाळ छताकडे बघत घालवली. शेवटी लहानपणची दोन रंगांची माळ आठवली. लाल, पांढरा, लाल, आणि संपलं. तिथे मी काही शोधत राहिले नव्हते. सगळ्या वाटा चालून आले होते, आणि सगळ्या बंद होत्या. तीन रंगांत वाटा जास्त, एवढंच. प्रत्येक मण्यानंतर दोनच रंग शक्य, कारण तोच रंग पुन्हा घालता येत नाही. म्हणजे प्रत्येक जागी दोन फांद्या. जिथे जुळं होईल ती फांदी तोडायची. गोल माळेत सुरुवात कुठूनही धरता येते आणि कुठल्याही दोन रंगांना लाल आणि पांढरा म्हणता येतं, म्हणून पहिले दोन मणी तेच धरले.

मी जुन्या कॅलेंडरची पानं खळीने एकमेकांना चिकटवली आणि जमिनीवर पसरली. झाड वाढत गेलं. काही फांद्या सहाव्या मण्यावर मेल्या, काही तेराव्यावर. मला वाटलं होतं, शेवटी सगळ्याच मरतील. तसं झालं नाही. सतराव्या मण्यापर्यंत जिवंत पोचलेल्या रांगा मी तीनदा मोजल्या. एकशे सेव्हन्टी-फोर. तो आकडा मला मराठीत येत नव्हता. आईला विचारलं.

“चौऱ्याहत्तर. कावून?” आईचे हात पिठात होते.

“असंच.”

मग प्रत्येकीची गाठ बांधून पाहिली. दोन दिवस. पहिलीला जुळं, दुसरीला जुळं, विसावीला, शंभरावीला. दीडशे झाल्या. आता मला जुळं सापडायला हवं होतं की नको, हेच कळेना. एकशे चौऱ्याहत्तरावी रांग गाठीपाशी जुळली तेव्हा बाहेर कोणीतरी दोराचा भाव करत होतं, कुकरची शिट्टी झाली, आणि त्या कॅलेंडरच्या पानांवर मी अशी एक जागा पाहत होते जिथे आजवर कोणी गेलं नव्हतं आणि पुढेही कोणी जाणार नव्हतं. कोणी मनाई केली नव्हती. तिथे वाटच नव्हती. त्यानंतर मी मोठी मंदिरं पाहिली, समुद्र पाहिला, पण तसा काटा पुन्हा अंगावर आला नाही. खात्रीसाठी त्याच झाडावर सोळाव्या मण्यापाशी गाठी बांधल्या, तर माळा निघाल्या. चौदाला बांधल्या, एकही निघाली नाही. आत्याच्या आईच्या आईची यादी माझ्या कागदावर खरी उतरत होती.

आत्याला बोलावलं. ती कागदांच्या कडेने उकिडवी बसली. कागदावर तिचा विश्वास नव्हता. पलंगाखालच्या ताटल्या दिसल्या तेव्हा मात्र तिने त्या ओढून घेतल्या. तिने एका फांदीवर बोट ठेवलं, तेवढे मणी ओवले, गाठ धरली, जुळं पाहिलं, उसवलं. दुसरी. तिसरी. दहा-बारा झाल्यावर थांबली.

“एखादी वाट राह्यली असंल तुजी.”

“कुठून राहील? प्रत्येक मण्यापाशी दोनच दारं, आत्या. दोन्ही उघडून बघितलीत.”

ती झाडाच्या बुडापासून बोट फिरवत निघाली. दार, दार, बंद. दार, दार, उघडं. अर्धा तास तरी गेला असेल. मग ती जमिनीवर नीट बसली, पाय पसरून, तिच्या नेहमीच्या बसण्याने.

“म्हंजे माझं डोकं न्हाई गेलं,” ती म्हणाली.

“नाही.”

“सतराच तशी हाय.”

“हो.”

“आईला ठावं नव्हतं,” ती हळूच म्हणाली, आणि पदराने डोळे न पुसता एक मणी पुसला.

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला तात्या आले. दुकानात गर्दी. आत्याने माळ पुढे ठेवली: सोळा मणी आणि गाठीपाशी एक पितळी. तात्यांनी मोजली आणि पितळी मण्यावर नख आपटलं. “हे काय? चौदाच्या फुडं समद्या होतात म्हनलात तुमी.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. “तू सांग.”

मी गर्दीसमोर कधी बोलले नव्हते. “तीन रंगांत सतराची होत नाही,” मी म्हणाले.

“म्हंजे तुमाला जमली न्हाई.”

“कोणालाच जमणार नाही. एकशे...” मी थांबले. “एकशे चौऱ्याहत्तर वाटा आहेत. सगळ्या बघितल्या. सगळ्या गाठीपाशी अडतात.”

मागून कोणी म्हणालं, “घ्या, विंग्रजी शाळा बैलाला माळ शिकवती.” लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले.

“कुनालाच म्हंजे? पुण्या-मुंबईच्या मानसाला?”

“नाही.”

“मशिनीला?”

“नाही.”

त्यांचं लक्ष गल्ल्यावरच्या तसबिरीकडे गेलं, तिथे रोज सकाळी अण्णा बेल वाहतात. “अन् महादेवाला?”

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता जपून. आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मी कागदावरचं ते झाड आठवलं, एकेक बंद दार.

“तीन रंगांत नाही,” मी म्हणाले.

तात्यांनी माळ दोन्ही हातांनी उचलली. “आयला,” ते म्हणाले, “म्हंजे आमचा हरण्या अशा आकड्याला पोचला जितं देवाचा बी दोरा पुरत न्हाई.” आणि बाहेर जाताना भेटेल त्याला ते पितळी मणी दाखवत होते. अण्णांनी त्यानंतर प्लास्टिकचा विषय काढला नाही. त्या वर्षी बाजूच्या दोन गावांतून लोक विचारायला आले, आमच्या बैलाला तसा सतराचा पितळी मणी मिळेल का. आत्या म्हणायची, “सतरा वर्सं ओढू द्या आधी.”

पोळा झाला त्या दुपारी मला पहिल्यांदा अर्धी पुरणपोळी मिळाली, तूप न लावता. आत्या शेजारी बसून पुटपुटत होती. मला वाटलं ला-पा-नी. नीट ऐकलं तर ती यादी म्हणत होती: पाच, सात, नऊ, दहा, चौदा, आणि थोडं थांबून, सतरा. पुन्हा पहिल्यापासून. नवीन आकडा जुन्या चालीत बसवत होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी घरापासून फार लांब राहते. एकदा इथल्या ग्रंथालयात बसून एक छापील लेख वाचत होते. गोल शब्द, तीन अक्षरं, लागोपाठ पुनरावृत्ती नाही. दुसऱ्या पानावर एका ओळीत ते सहा आकडे होते. त्याच क्रमाने. मी लेख पालथा ठेवला, बाहेर जिन्यात आले आणि घरी फोन लावला. बाजारचा दिवस असावा. मागे अण्णांचा आवाज, आणि जवळच ताटलीचा किण्ण.

“आत्या, आपली यादी छापलीय इथे. गणितवाल्यांनी.”

“कुनी दिली त्यांला?”

“कोणी नाही. त्यांनी त्यांची शोधली.”

“किती हायेत त्यात?”

“सहा. आणि सतराच्या पुढे सगळ्या होतात, कितीही मोठी माळ असू दे. ते त्यांनी सिद्ध केलंय.”

“लई माळा ओवल्या असतील बाई.”

“एकही नाही ओवली, आत्या. नुसता विचार करून.”

ताटलीचा आवाज थांबला.

“एक बी न्हाई?”

“एक पण नाही.”

मग तिने जपून विचारलं, “अन् त्यात सतरा हाय म्हनलीस?”

“आहे. सगळ्यात शेवटी.”

“मग खरं हाय त्यांचं,” आत्या म्हणाली, आणि ताटलीत पुन्हा मणी वाजायला लागले.